खेळाडूने परदेशी जाऊन कमावले तर ती गद्दारी कशी?

आज दुपारी आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये एका ओळखीच्या गृहस्थांनी, जे स्वतः कित्येक वर्षे आखातात नोकरी करून गावी दुमजली घर बांधून बसले आहेत, असे ठणकावून सांगितले की फिलिपिन्सचे बास्केटबॉलपटू जपान आणि कोरियाच्या लीगमध्ये जातात ते निव्वळ पैशाच्या हव्यासापोटी, आणि स्वतःच्या देशातल्या लीगकडे पाठ फिरवणाऱ्याला राष्ट्रीय संघाची जर्सी देताच कामा नये. ते हे बोलले ते आमच्या कुयांच्या तोंडावर. कुया म्हणजे आमचे फिलिपिनो स्टोअरकीपर. त्यांच्याकडे थोरल्या भावाला कुया म्हणतात आणि आम्ही मराठी, मल्याळी, पाकिस्तानी सगळेच त्यांना त्याच नावाने हाक मारतो. कुया काही बोलले नाहीत. समोरची इश्यू स्लिप पूर्ण करून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. मी तिथे दोन वाक्ये बोलले, पण त्याने माझे समाधान झालेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी अकाउंट्सचे काम बघते आणि स्टॉकचे कागद घेऊन मला वरचेवर स्टोअरमध्ये जावे लागते. कोरियात संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा आमच्या शारजात दुपारचे २ वाजलेले असतात, त्यामुळे कोरियन लीगचा सामना असला की कुयांचा मोबाइल केबल ग्लँडच्या खोक्याला टेकवून उभा केलेला असतो. कोरियन समालोचन त्यांना कळत नाही, म्हणून आवाज बंद असतो. एका बाजूने पाइपच्या फिटिंग्ज मोजून देणे चालू असते आणि दुसऱ्या बाजूने, तिथे खेळणाऱ्या फिलिपिनो कार्ल तामायोने चेंडू हातात घेतला की, त्यांची मोजणी थांबते. समोरचा मजूर फिलिपिनो असेल तर तोही थांबतो. त्या क्षणी त्या दोघांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते ज्याने पाहिले आहे, त्याला 'देशाकडे पाठ फिरवली' हे शब्द उच्चारवणार नाहीत.

फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल म्हणजे काय, हे क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला समजायला खरे तर अडचण पडू नये. अमेरिकन राजवटीत शाळांमधून हा खेळ रुजला आणि आज जवळपास प्रत्येक बारांगायमध्ये, म्हणजे तिथल्या वस्तीत, निदान एक कोर्ट असते. नसेल तिथे माडाच्या खोडाला रिंग ठोकून पोरे रबरी चपला घालून खेळतात. १९५४ साली रिओ दि जानेरोच्या जागतिक स्पर्धेत या देशाने कांस्यपदक जिंकले होते. पीबीए ही त्यांची लीग १९७५ मध्ये सुरू झाली, ती आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. २०२३ च्या विश्वचषकात मनिलाजवळच्या फिलिपीन अरेनामध्ये पहिल्याच दिवशी ३८,११५ प्रेक्षक आले आणि विश्वचषकाच्या इतिहासातला प्रेक्षकसंख्येचा उच्चांक मोडला. अशा देशातल्या मुलाने या खेळावर पोट भरायचे ठरवले, तर त्याने फक्त आपल्याच गावच्या बाजारात माल विकावा असा हट्ट कुणी आणि का धरावा?

आता जरा नीट सांगते, कारण आमच्या त्या गृहस्थांना हे सगळे कालपरवाचे खूळ वाटते आहे. जपानच्या बी-लीगने २०२० मध्ये आशियाई खेळाडूंसाठी वेगळी जागा ठेवली. ही जागा अमेरिकन वगैरे परदेशी खेळाडूंच्या कोट्यात धरली जात नाही, त्यामुळे क्लबांना फिलिपिनो खेळाडू घेणे परवडू लागले. त्या जागेवर करार झालेला पहिला फिलिपिनो थर्डी रावेना. विद्यापीठ पातळीवर अतेनेओ विद्यापीठासाठी सलग तीन वर्षे अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा मुलगा पीबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, न उतरता सान-एन निओफिनिक्स या जपानी संघाकडे गेला. पुढच्याच वर्षी ड्वाइट रामोस, रे पार्क्स आणि थर्डीचा थोरला भाऊ कीफर यांनी तीच वाट धरली. २०२२ पासून कोरियाच्या केबीएल या लीगनेही फिलिपिनोंना दार उघडले. एसजे बेलान्हेल देगूच्या संघाकडे गेला, रेन्झ अबांदो आन्यांगकडे गेला आणि पहिल्याच हंगामात विजेतेपद घेऊन बसला. वोंजूच्या ईथन अल्वानोला २०२३-२४ च्या हंगामात स्थानिक खेळाडूंच्या गटातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कोरियन लोकांनीच निवडले. तामायो आधी ओकिनावाच्या रयुक्यू संघात होता, त्या संघाने २०२३ मध्ये जपानची लीग जिंकली. नंतर तो चांगवॉनच्या एलजी संघात गेला आणि त्या संघाने २०२५ मध्ये आपले पहिलेवहिले कोरियन विजेतेपद मिळवले. दोन देशांच्या विजेत्या संघांत खेळलेल्या या मुलाला हव्यास कसला म्हणता?

हव्यास हा शब्द मला आज फार लागला. गावी पैसे पाठवण्यासाठी घर सोडून आलेली माणसेच जेव्हा दुसऱ्याच्या कमाईला हव्यास म्हणतात, तेव्हा राग येणारच. मी रत्नागिरीची आहे. आमच्याकडे निम्मी घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर उभी राहिली आणि पुढे त्याच घरांतली मुले आखातात आली. त्या मुलांना कुणी गद्दार म्हटले नाही. फिलिपिन्समध्ये तर परदेशी काम करणाऱ्यांना 'नवे वीर' म्हणण्याची प्रथा आहे, ती राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी १९८८ मध्ये सुरू केली. हे वीर दरवर्षी ३० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवतात. नर्स गेली तर वीर, खलाशी गेला तर वीर, घरकाम करणारी बाई गेली तर वीर. मग सहा फूट सात इंचाचा मुलगा चेंडू घेऊन गेला की तो अचानक कृतघ्न कसा होतो?

कुयांचा भाचा मनिलाच्या एका विद्यापीठात खेळतो. मध्यंतरी त्याला जपानच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबकडून विचारणा झाली, आणि घरात दोन तट पडले. एक तट म्हणतो, आधी इथे नाव कर, मग बघू. कुया दुसऱ्या तटात आहेत. त्यांनी मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, "मी निघालो तेव्हा सगळी गल्ली निरोप द्यायला आली होती. विमानतळावर आमच्यासाठी वेगळी रांग असते. या पोराला मात्र जो तो विचारतो आहे, तुला जायची काय गरज आहे?" कुया स्वतः शाळेच्या संघातून खेळले आहेत आणि चांगले खेळले असावेत, कारण सुट्टीच्या दिवशी इथल्या फिलिपिनो संघांच्या स्पर्धेत, केस पांढरे झालेले असतानाही, तरुण मुले त्यांना मोकळे सोडत नाहीत. त्यांच्या तरुणपणी जपान-कोरियाची ही वाटच नव्हती. पीबीएत जागा मिळाली तर ठीक, नाही तर गोदाम, बांधकाम किंवा जहाज. भाच्यापुढे चौथा पर्याय आला आहे, आणि तोच नेमका लोकांना खुपतो आहे.

राष्ट्रीय संघाच्या जर्सीबद्दल बोलणाऱ्यांनी काइ सोट्टोची गोष्ट एकदा ऐकावी. सात फूट तीन इंच उंचीचा हा मुलगा २०१९ मध्ये शाळेत असतानाच अटलांटाला गेला आणि २०२० मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगच्या हाताखालच्या जी-लीगमधल्या इग्नाइट संघात निवडला गेला. स्वतःच्या मातीत वाढलेला एकही फिलिपिनो अजून एनबीएमध्ये खेळलेला नाही. अनेकांना वाटले, हाच तो पहिला. २०२१ च्या सुरुवातीला आशिया चषकाच्या पात्रता सामन्यांसाठी देशाने बोलावले आणि तो मायदेशी परतला. करोनामुळे ते सामने आधी दुसरीकडे हलवले गेले आणि मग पुढेच ढकलले गेले, आणि इकडे इग्नाइटने कळवले की तो आता संघात परत येणार नाही. देशासाठी आलेल्या मुलाला ना देशाचा सामना मिळाला, ना अमेरिकेतला हंगाम. पुढे तो ॲडलेडला गेला, तिथून हिरोशिमाला, योकोहामाला, कोशिगायाला. २०२२ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये त्याचे नाव पुकारले गेले नाही, तेव्हा त्याच्याच देशबांधवांनी त्याची किती टवाळी केली! कुयांनी तेव्हा मोबाइलवरचे ते सगळे मला दाखवले होते. ते वाचवत नव्हते.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मनिलात फिलिपिन्सने न्यूझीलंडला ९३-८९ असे हरवले, तेव्हा त्या संघात कोण होते? १९ गुण, १० रिबाउंड (हुकलेला चेंडू परत मिळवणे) आणि ७ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) करणारा हाच सोट्टो. शिवाय रामोस आणि तामायो. 'पाठ फिरवलेले' सगळे. दुसऱ्या दिवशी कुया स्टोअरमध्ये आले ते राष्ट्रीय संघाची निळी जर्सी कंपनीच्या शर्टाच्या आत घालून. कॉलरमधून निळी कड दिसत होती आणि दिवसभर त्यांनी ती कुणी न विचारताच सगळ्यांना दाखवली.

दुसरी बाजू मला ठाऊक नाही असे नाही. कीफर रावेनाने पीबीएतल्या एनएलएक्स संघाशी तीन वर्षांचा करार करून मग २०२१ मध्ये जपानमधल्या शिगाच्या क्लबशी करार केला, तेव्हा पीबीएने हरकत घेतली ती गैर नव्हती. सही केली तर ती पाळायला हवी, आणि शेवटी सगळ्यांना एकत्र बसून तोडगा काढावा लागला तेच बरे झाले. तरुण चेहरे निघून गेल्याने पीबीएचे प्रेक्षक घटतात, हेही मान्य.

पण प्रेक्षक घटण्याचे खापर त्या मुलांच्या डोक्यावर फोडू नका. पीबीएतले संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत आणि जवळपास निम्मे संघ अवघ्या दोन उद्योगसमूहांच्या हातांत राहिले आहेत. सेबू किंवा दावाओ शहरातल्या माणसाने आपला म्हणून कोणता संघ धरावा? खेळाडूच्या पगाराला महिन्याला ४,२०,००० पेसोची कमाल मर्यादा आहे. कितीही मोठा झालास तरी कागदावर त्यापुढे नाही. याउलट जपानकडे पाहा. दोन लीगच्या भांडणापायी २०१४ मध्ये जागतिक महासंघाने त्यांना निलंबित केले होते. त्यांनी घर आवरले, २०१६ मध्ये एकच बी-लीग उभी केली, प्रत्येक संघ एका शहराशी बांधला, आणि २०२३ च्या विश्वचषकातला सर्वोत्तम आशियाई संघ म्हणून ते थेट पॅरिस ऑलिंपिकला गेले. फिलिपिन्सचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये शेवटचा खेळला तो १९७२ मध्ये, म्युनिकला. चाळीस वर्षे उशिरा सुरू झालेली लीग पुढे निघून गेली असेल, तर घरातल्यांनी मुलाला दरवाजात अडवण्याऐवजी घराकडे पाहायला हवे.

इतके लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे, आणि आता जे लिहायचे आहे ते त्या गृहस्थांसाठी नाही, कुयांच्या घरच्यांसाठी आहे. जाणाऱ्या प्रत्येकाचे सोने होत नाही. हंगामभर बाकावर बसून परतणारे असतात. भाषा येत नाही, प्रशिक्षक काय ओरडतो ते दुभाष्यामार्फत कळते, संघ बहुधा एकच आशियाई खेळाडू घेतो म्हणजे आपल्या बोलीत बोलायला संघात बहुधा दुसरा कुणी नसतोच. आणि शरीर हे त्यांचे भांडवल आहे. सोट्टोच्या गुडघ्याचा अस्थिबंध जानेवारी २०२५ मध्ये जपानमधल्या सामन्यात तुटला. त्याआधी २०२१ मध्ये जॅक अनिमाम या महिला खेळाडूला सर्बियात हीच दुखापत झाली होती, घरापासून हजारो मैल दूर. ती पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा परदेशात जाऊन खेळली. तिच्याविषयी एवढे कमी का बोलले जाते, कोण जाणे. मुलगी असल्यामुळेच असावे.

कुयांच्या बहिणीला हीच भीती आहे, आणि ती मला रास्त वाटते. आखातात येणाऱ्या नर्सचा करार त्यांचे सरकार तपासते, पगार, राहण्याची सोय, परतीचे तिकीट सगळे बघते. विशीतल्या खेळाडूचा करारही तितक्याच बारकाईने तपासला गेला पाहिजे: गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, त्या महिन्यांचा पगार मिळणार की नाही, राष्ट्रीय संघाने बोलावले तर क्लब सोडणार की नाही. सोट्टोच्या बाबतीत जे झाले ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला यायला नको. पीबीएला या मुलांबद्दल खरोखर कळकळ असेल, तर तिने परतीची वाट अडवण्याऐवजी या कामात लक्ष घालावे.

माझ्या यादीत जपानमध्ये राहणारे बरेच मराठी मित्रमैत्रिणी आहेत. तुमच्यापैकी कुणी बी-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतले सामने पाहत असेल, किंवा क्लबांच्या करारांचे काम केलेले कुणी ओळखीचे असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. कुयांच्या भाच्याला उत्तर द्यायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, आणि कराराचा मसुदा जपानीत आहे.