बसची पहिली पायरी

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. माझी आई, वय 78, सांगलीहून एकटी एसटीने नरसोबाच्या वाडीला जाऊन आली. घाटाच्या पायऱ्या चढून-उतरून गुडघा सुजला, एवढंच. त्यावर चुलतभावाने लिहिलं, ‘काकूंनी आता घरात बसून नामस्मरण करावं.’ खाली दहा जणांचे जोडलेले हात. इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये मला रात्रभर झोप लागली नाही.

ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट हातात देतो. आई ती तिकिटं पोथीत जपून ठेवते. माहेरी जायलासुद्धा जिने जन्मभर दुसऱ्याकडे पैसे मागितले, तिला त्या कागदाची किंमत कळते. ग्रुपवरच्या कोणालाही कळत नाही.

आपल्याकडे बसची पहिली पायरी तिच्या गुडघ्याइतकी उंच असते. इथे थांब्यावर बस दाराच्या बाजूने खाली झुकते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या 86 वर्षांच्या आजी रोलाटर, म्हणजे चाकांचा वॉकर, ढकलत दर शनिवारी बाजारात जातात, त्यांना कोणी वय काढून दाखवत नाही. म्हातारपणी, आजारपणात लागणाऱ्या सांभाळासाठीचा काळजी-विमा इथे 1995 पासून सक्तीचा आहे, माझ्याही पगारातून कापला जातो. आजींच्या न्हाणीघरातला धरायचा दांडा त्यातूनच बसला. आईला मात्र उपाय एकच सांगतात, बाहेर पडू नका. अरे, महिनाभर बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते आणि माणूस घरातल्या घरात पडतं! हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दांडा बसवा, व्यायाम करून घ्या, तेही लिहिलं.

भावाचं उत्तर आलं, ‘दादा, परवा त्यांना डॉक्टरांकडे मी नेलं.’

खरंच आहे ते. दोन दिवस मी ग्रुप उघडला नाही. वरच्या आजींकडे रविवारीही कोणी येत नाही, हे मी लिहिलं नव्हतं. मी आता 56 चा. स्मृतिभ्रंश झाला की पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते, असं इथल्या वृद्धाश्रमात काम करणारी मैत्रीण सांगते. ‘तहान लागली’ असं मी मराठीत म्हणेन, तेव्हा ऐकायला खोलीत कोण असेल?

काल आईचा फोन आला. सूज उतरली होती.

‘गुरुवारी जाते आहे परत वाडीला. त्याला म्हटलं, बसमध्ये चढताना तेवढा हात दे, आणि मग घरी जा.’