गारपिटीनंतर फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल

नागपुरात गारपीट झाली की ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: मोडलेलं झाड जगत नाही, कापून टाका, उरलेल्यांचे शेंडे छाटा, जखमांना डांबर फासा, पडलेलं लाकूड जाळा. यातला एकही सल्ला जसाच्या तसा घेण्यासारखा नाही.

झाड जगत नाही म्हणे. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात आणि लगतच्या अमेरिकेत पाऊस फांद्यांवरच गोठत गेला आणि त्या भाराने जंगलंच्या जंगलं मोडली. तिथल्या वनवाल्यांचा ढोबळ हिशेब असा: निम्म्याहून कमी फांद्या गेलेलं झाड बहुधा सावरतं, पाऊण भाग गेला तर आशा कमी. ती मेपल-बर्चची गोष्ट, मान्य. पण आपला कडुनिंब तर बुंध्यातून तोडला तरी फुटतो! एक पावसाळा जाऊ द्या. शिवाय शहरातलं झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगी लागते, हे मेसेजवाला सोयीस्कर विसरला.

शेंडे छाटल्यावर वरून झाडूसारखे धुमारे येतात. ते वरवर चिकटलेले असतात, पुढच्या वादळात तेच आधी पडतात.

डांबराचं खूळ सगळ्यात चिवट. संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, त्यावरून हे निघालं असावं. पण मोरचूद-चुन्याची ती पेस्ट डिंक्या रोगाच्या बुरशीसाठी असते, मोडलेली फांदी सांधायला नाही. झाड जखम भरत नाही, ते कुजका भाग आतून कोंडून टाकतं आणि कडेने नवी साल चढवतं. आमच्या फाटकाजवळच्या निंबाचं डांबर खरवडलं तेव्हा खालचं लाकूड काळं, ओलं होतं. बोट रुतत होतं. फांदी खोडाला मिळते तिथला सुजल्यासारखा भाग शाबूत ठेवून कापा, तेवढं पुरे. जड फांदी असेल तर आधी थोड्या अंतरावर खालून खाच घ्या, मग तिच्या जरा पुढे वरून कापा आणि राहिलेला खुंट शेवटी. नाहीतर सालपट खोडापर्यंत सोलत जातं.

लाकूड जाळण्याबद्दल: सेमिनरी हिल्ससारख्या रानात ते पडून राहू द्या, तिथेच कुजून माती होईल. झाडावरच राहिलेल्या वाळक्या फांदीत तांबट पक्षी भोक पाडतो, ढोलीत राखी धनेश अंडी घालतो.

रस्त्यावर लोंबकळणारी फांदी मात्र आजच उतरवून घ्या. आणि ती उतरताना व्हिडिओ काढायला खाली उभे राहू नका.