कलम सरकारी वकील ठरवत नाही

एखादी गाजलेली घटना घडली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: खटला कुठल्या कलमाखाली चालवायचा ते सरकारी वकीलच ठरवतो, एफआयआरमध्ये कलम हलकं लागलं की केस मेली, आणि नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही तर आरोपी सुटला. तिन्ही दावे चुकीचे आहेत. त्यातला दुसरा सर्वात घातक, कारण तो वाचून लोक पाठपुरावाच सोडून देतात.

‘सरकारी वकीलच ठरवतो’

अमेरिकेत हे बरंचसं खरं आहे. आपल्याकडे दोषारोपपत्र (चार्जशीट) पाठवायचं की समरी (तपास बंद करायचा अहवाल), आणि पाठवायचं तर कुठल्या कलमांनी, हे मत तपासी अंमलदाराचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तमिळनाडूतल्या एका प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं. सरकारी वकिलाचं मत घेऊन त्यानुसार दोषारोपपत्र द्या, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. तो रद्द झाला. तपासी अंमलदार सल्ला घेऊ शकतो, पण त्याला तो बांधील नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या प्रक्रियेचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू) कलम २० मध्ये सात ते दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांतले पोलिस अहवाल अभियोग उपसंचालकांनी तपासायची तरतूद आहे. ती छाननी आहे. कलम अंतिम करायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

सत्र खटल्यात सरकारी वकील कलम २४९ खाली आरोप काय आणि पुरावा काय हे मांडतो. त्यानंतर न्यायाधीश एकतर आरोपीला दोषमुक्त करतात (कलम २५०) किंवा चार्ज फ्रेम, म्हणजे आरोप निश्चित, करतात (कलम २५१). मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावायचा तरी परवानगी पोलिसांतूनच येते: माहिती नोंदवायला किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता, आणि न्यायालयाने दखल घ्यायला किमान अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी.

वकिलाचा खरा स्वतंत्र अधिकार खटला मागे घेण्याचा (कलम ३६०). तिथेही न्यायालयाची संमती लागते आणि आता पीडिताला ऐकावंच लागतं. आमदार-खासदारांवरचे खटले ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत.

‘मोठं कलम लावून मग सौदा करतात’ हे उपवाक्यही कधीकधी जोडलेलं असतं. आपल्याकडच्या प्ली बार्गेनिंगमध्ये (गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेणं) अर्ज आरोपीने करायचा, चार्ज फ्रेम झाल्यापासून ३० दिवसांत, तोही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यातच. महिलांवरचे आणि मुलांवरचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. त्यात कमी होते ती शिक्षा. कलम बदलत नाही.

‘एफआयआरमध्ये हलकं लागलं की संपलं’

एफआयआर ही सुरुवातीची माहिती. मारामारीचंच घ्या. रात्री अकराला ठाण्यात गेलेल्या माणसाच्या अंगावर नुसती सूज दिसते, म्हणून भारतीय न्याय संहितेचं ११५(२) लावून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. दोन दिवसांनी एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड मोडलेलं दिसतं. हाड मोडणं ही कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत, त्यामुळे ११७(२) लागतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र. हत्यार वापरलं असेल तर ११८. दात पडला तरी ती गंभीर दुखापतच. १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं बंद पडली तरीही (जुन्या कायद्यात हे २० दिवस होतं).

हे बहुतेकदा बिघडतं ते कागदावर. जखम प्रमाणपत्रावर ‘एक्स-रे अहवालानंतर मत’ असं लिहिलेलं असतं आणि तो अहवाल ठाण्यात पोचतच नाही. म्हणून एक्स-रेची प्रत स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, पुरवणी जबाब नोंदवा आणि कलमवाढीचा अहवाल न्यायालयात गेला का ते विचारा.

दोषारोपपत्र गेल्यावरही दार बंद होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३९ प्रमाणे निकाल सांगेपर्यंत न्यायालय चार्ज बदलू शकतं, वाढवू शकतं. मग झालेले साक्षीदार दोन्ही बाजूंना पुन्हा बोलावता येतात. सलमान खानवरचं २००२ चं वांद्र्याचं अपघात प्रकरण आठवा. वाद होता जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०४अ (निष्काळजीपणामुळे मृत्यू, कमाल दोन वर्षं) की ३०४ भाग दोन (सदोष मनुष्यवध, कमाल दहा वर्षं) हा. उच्च न्यायालयाने २००३ मध्ये मोठं कलम काढलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, योग्य टप्प्यावर पुरावा पाहून दंडाधिकारी ठरवतील. खटला ३०४अ खाली चालला. सतरा साक्षीदार झाल्यावर, २०१३ मध्ये, सरकारी पक्षाच्या अर्जावर दंडाधिकाऱ्यांनी मोठं कलम मानून प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवलं. तिथे साक्षी पहिल्यापासून सुरू झाल्या. मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. कलम चढलं म्हणून शिक्षा टिकतेच असं नाही, हेही त्यातच आलं.

पोलिसांनी बी समरी (खोटी तक्रार) किंवा सी समरी (ना खरी ना खोटी, गैरसमज वा दिवाणी वाद) पाठवली, तर ती मान्य करण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस द्यायलाच हवी. सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल आहे. तिथे प्रोटेस्ट पिटिशन (समरीला विरोध करणारा अर्ज) दाखल करा. दंडाधिकारी समरी नाकारून थेट दखल घेऊ शकतात.

‘नव्वद दिवसांत चार्जशीट नाही, तर सुटला’

मिळतो तो जामीन. खटला तसाच पुढे चालतो. मुदत फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून (न्यायालयाने कोठडी दिल्यापासून). आरोपीला अर्ज करावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र पोचलं तर हा हक्क गेला.

फिर्यादीच्या उपयोगाचा ९० चा आकडा दुसरीकडे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि ते इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही चालतं. त्या दिवशी काही आलं नसेल तर या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि सध्या कुठली कलमं लागलेली आहेत, हे त्यातच विचारा.