उशी गुडघ्याखाली नको

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनवरच्या तुमच्या लेखात, ऑपरेशननंतर ‘हळूहळू चालायला लागा’ एवढंच आलंय. त्याआधी अंथरुणातच जे व्यायाम करायचे असतात, त्यांच्याबद्दल लिहायला हवं होतं.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा पाय दुखतो म्हणून आम्ही मायेने तिच्या गुडघ्याखाली उशी सारत होतो. फिजिओथेरपिस्ट ताईंनी घरी आल्या आल्या ती काढली. गुडघा सतत वाकलेला राहिला की आखडतो, मग पाय पूर्ण सरळ होत नाही. त्यांनी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवली आणि ५ आकडे मोजेपर्यंत गुडघा गादीकडे दाबायला लावला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा गुडघ्याखाली माझा अख्खा हात जायचा. तीन आठवड्यांनी बोटंही जाईनात.

पोटरीत रक्त साकळू नये म्हणून घोटा वर-खाली हलवणं दिवसभर चालू असायचं. (पोटरी सुजून दुखायला लागली तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना गाठा.) टाच सरकवत गुडघा वाकवणं सगळ्यात जड गेलं. ९० अंशांपर्यंत वाकला तेव्हा कुठे ती खुर्चीतून नीट उठू लागली. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे ती अजून पुटपुटत असते.

घरच्यांना कळकळीची विनंती, “दुखतंय ना, राहू दे आज” असं म्हणू नका. शेजारी बसून आकडे मोजा, नंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ लावा. आमच्याकडे आकडे मोजायचं काम नातीकडे होतं.