शॅल, मस्ट आणि ओला कचरा

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत निम्मे रहिवासी अमराठी असल्यामुळे प्रत्येक सूचना मराठीबरोबर इंग्रजीतही लावण्याचा प्रघात आहे, आणि मी सचिव असल्यामुळे ते इंग्रजी माझ्या माथी आले आहे. मराठीत 'करावा' एवढ्यावर भागते. विनंती, सल्ला आणि दटावणी या तिन्हींना तो चालतो. इंग्रजीत मात्र आधी आपला अधिकार किती हे ठरवून मगच शब्द उचलावा लागतो, आणि हाऊसिंग सोसायटीच्या सचिवाला नेमका अधिकार किती, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

प्रकरण ओल्या-सुक्या कचऱ्याचे होते. पहिल्या सूचनेत मी 'रिक्वेस्टेड' लिहिले. तिला सभासदांनी केराची टोपली दाखवली, तीही ओला-सुका एकत्र असलेल्या केराची. मग 'शुड' लिहिले, तेव्हा आयटीत नोकरी करणाऱ्या सातव्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी मला लिफ्टमध्ये गाठले. "काका, इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ साली आरएफसी २११९ नावाचा दस्तऐवज निघाला. त्यात या शब्दांचे अर्थ ठरवून दिलेत. 'मस्ट' म्हणजे पर्याय नाही. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा नीट विचार केला असेल, तर नाही केलं तरी चालतं." "मग तुझं सबळ कारण कोणतं?" असे मी विचारले, तोवर सातवा मजला आला होता.

अखेर मी कायद्याचाच आधार घेतला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने तो जैवविघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक अशा तीन प्रकारांत वेगळा ठेवण्याविषयी 'शॅल' हा शब्द होता, म्हणून मीही 'मेंबर्स शॅल सेग्रिगेट' असे लाल अक्षरांत छापून फलकावर लावले. संध्याकाळी त्या फलकासमोर इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका आणि तिसऱ्या मजल्यावरचे वकीलकाका उभे होते. बाईंच्या व्याकरणानुसार प्रथम पुरुषी 'शॅल' हा साधा भविष्यकाळ, तर द्वितीय आणि तृतीय पुरुषी 'शॅल' ही आज्ञा; परंतु हा भेद हल्ली कोणी शिकवत नसल्यामुळे माझ्या वाक्याचा अर्थ 'सभासद कचरा वेगळा करतील, कधीतरी' असाच लावला जाणार होता. वकीलकाकांनी तर पायाच काढून घेतला. न्यायालये प्रसंगी 'मे'चा अर्थ 'शॅल' आणि 'शॅल'चा अर्थ 'मे' असा लावतात, कारण तरतूद बंधनकारक की केवळ निदेशात्मक हे कायद्याच्या हेतूवरून ठरते. शिवाय अमेरिकी सरकारच्या सोप्या भाषेच्या मार्गदर्शनातसुद्धा 'शॅल' टाळून 'मस्ट' वापरायला सांगितले आहे, हे त्यांनी मला शांतपणे ऐकवले. त्याच सकाळी त्यांच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात दोन रिकामी शहाळी होती, हे मी सौजन्यापोटी बोललो नाही.

पुढे 'मस्ट' झाले, 'कंपल्सरी' झाले, 'मँडेटरी'च्या मागे 'स्ट्रिक्टली'ही लावून झाले. एका सकाळी कचरा नेणाऱ्या मावशींनी प्रत्येक दारात "मिसळलेला कचरा मी उचलत नाही" एवढेच सांगितले आणि मिसळलेले डबे जागच्या जागी ठेवून त्या निघून गेल्या. महिना मे होता, आणि हा मे वैकल्पिक नसतो. कोलंबीची टरफले असलेल्या डब्यांनी दुपारपर्यंत जिना काबीज केला. दुसऱ्या दिवशी वकीलकाकांच्या दारातसुद्धा दोन डबे होते, आणि शहाळी ओल्यात होती.

मावशींचे हे वाक्य इंग्रजीत करून फलकावर लावावे, असा अध्यक्षांचा आग्रह पडला. मी 'विल नॉट बी कलेक्टेड' असे लिहिले, तर तृतीय पुरुषी 'विल' हा निव्वळ भविष्यकाळ असल्याची हरकत बाईंनी लेखी नोंदवली. विषय आता वार्षिक सभेपुढे आहे. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि कायद्यात तिथेही 'शॅल' असल्यामुळे वकीलकाका म्हणाले, "बघू."