तिजोरी जड आहे, मग बोल्ट कशाला? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘तिजोरी घेताय? दुकानदार सांगणार नाही अशा सात गोष्टी’ हा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो माझ्या मावशीने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘शुक्रवारी अडीचशे किलोची तिजोरी येतेय. तिसरा मजला. वॉचमनने नाक्यावरची चार माणसं सांगून ठेवलीत. यात लिहिलंय तसंच करू ना?’ मावशी, अजिबात करू नकोस. ज्यांच्या ज्यांच्या फोनवर हा मेसेज आलाय त्यांनीही करू नका.

मेसेजमधले सात मुद्दे असे. दीडशे किलोच्या वरच्या तिजोरीला जमिनीशी जखडणारा बोल्ट लागत नाही. बोल्टसाठी भोक पाडलं तर आगीपासूनचं संरक्षण आणि वॉरंटी दोन्ही जातात. लिफ्टची बेल वाजली तर एक माणूस उतरवा, लिफ्ट चालते. जिन्याने नेताना दार उघडं ठेवा म्हणजे पकड मिळते, आणि दोन धट्टीकट्टी माणसं खालच्या बाजूला लावा. डिजिटल कुलूप बॅटरी संपली की कायमचं बंद पडतं. फायरप्रूफ तिजोरी चोरालाही फुटत नाही. आणि तिजोरी नैऋत्य कोपऱ्यातच ठेवावी.

आधी जिन्याचं बघू. बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणूस जाईल.

अडीचशे किलो वजन चार जणांनी सपाट जमिनीवर अगदी बरोबरीने उचललं तरी प्रत्येकाच्या वाट्याला साडेबासष्ट किलो येतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोची मर्यादा आहे. म्हणजे जिन्याची पहिली पायरी चढण्याआधीच आपण तिच्या पुढे गेलो. जिन्यावर वाटणी बरोबरीची राहतही नाही. तिजोरी तिरकी झाली की भार खालच्या दोघांवर येतो आणि वरचे दोघे नुसते ओढत राहतात. आपल्याकडच्या इमारतींत पायरी साधारण १६ सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे जिन्याचा उतार ३३ अंशांच्या आसपास. घर्षण सोडलं तर अशा उतारावर अडीचशे किलोची वस्तू १३५ किलोच्या जोराने खाली यायला बघते. हात निसटून ती एकच पायरी खाली आली, तर ५० किलोची सिमेंटची गोणी ८० सेंटिमीटरवरून पडावी तेवढा दणका बसतो. तो बसतो खालच्या माणसाच्या नडगीवर किंवा छातीवर. त्याला मागे सरायला जागा नसते, कारण मागे पायऱ्या आहेत आणि त्या त्याला दिसत नाहीत. धट्टाकट्टा असल्याने यात काहीही फरक पडत नाही.

आता उघड्या दाराचं. तिजोरीचं दार कपाटाच्या दारासारखं पत्र्याचं नसतं. जाड पोलादी पाट, आत सरकणारे दांडे, कुलपाची पेटी, आगरोधक असेल तर भरावाचा थर असं सगळं त्यात असतं आणि तिजोरीच्या वजनाचा मोठा वाटा एकट्या दारात असतो. दार उघडलं की हा भार तिजोरीच्या पायाबाहेर लटकतो. रिकामी, बोल्ट न मारलेली तिजोरी दार नव्वद अंशांत उघडल्यावर सपाट फरशीवरसुद्धा पुढे कलंडू शकते. जिन्यावर तेच दार झोका खातं आणि पकड मिळावी म्हणून घातलेली बोटं फटीत सापडतात. म्हणून दार बंद करायचं, कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, मूठ निघत असेल तर काढायची आणि दारावरून सगळ्या तिजोरीला रॅचेटचा, म्हणजे दांडी हलवून घट्ट होणारा, पट्टा आवळायचा. हलकं करायचंच असेल तर कंपनीच्या माणसाकडून दार पूर्ण उतरवून घ्यावं. काही मॉडेलमध्ये ते बिजागरीवरून उचलून निघतं. अर्धवट उघडं दार मात्र कधीच नको.

एवढं वजन जिन्याने न्यायचंच असेल तर मोटरवर चालणारी, जिना चढणारी ट्रॉली असलेले जड सामान हलवणारे लोक बोलवा. तिजोरी ट्रॉलीला दोन ठिकाणी पट्ट्याने बांधलेली हवी, माणसं वरच्या बाजूला हवीत आणि ती वर पोचेपर्यंत खालचा जिना पूर्ण रिकामा हवा. दोर कठड्याला बांधू नका. कठडा माणसाने टेकण्यासाठी असतो, एवढी ओढ सोसण्यासाठी नाही. तिजोरी आलेल्या दिवशी शेजाऱ्यांची मुलं जिन्यात नसतील एवढंही बघा.

लिफ्टच्या मुद्द्यावर फार बोलायची गरज नाही, लिफ्टमधली पाटी वाचा. आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात, त्यामुळे सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो. त्यात अडीचशे किलोची तिजोरी, तीस किलोची ट्रॉली आणि दोन माणसं घातली की ४१६ झाले. बेल वाजते ती मर्यादा संपली म्हणून. एक माणूस उतरवला तर आकडा मर्यादेत येतो, पण तेवढ्याने भागत नाही. बरं, धोका एकूण वजनाइतकाच उंबऱ्याचाही असतो. ट्रॉलीची पुढची चाकं आत गेली की सगळा भार लिफ्टच्या कडेवर येतो, लिफ्ट दोन-चार सेंटिमीटर खाली दबते, मागची चाकं फटीत अडकतात आणि तिजोरी आत झुकते. उंबऱ्यावर जाड लोखंडी पट्टी टाका, तिजोरी मधोमध ठेवा, ती एकटीच वर पाठवा आणि माणसांना जिन्याने जाऊ द्या. त्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि लिफ्टच्या देखभालवाल्याला विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर हट्ट करू नका.

मला खरा राग आहे तो पहिल्या मुद्द्याचा. बोल्ट लागत नाही असं वाटतं म्हणून लोक झेपणार नाही एवढी जड तिजोरी घेतात आणि मग वरचं सगळं ओढवून घेतात. युरोपात तिजोऱ्यांची पारख ज्या मानकावर होते ते ईएन ११४३-१. त्याच्या अटीनुसार १००० किलोपेक्षा हलक्या सुट्या तिजोरीला बोल्टने जखडायची सोय असलीच पाहिजे. हजार किलो! दीडशे किलोला बोल्ट नको म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा वाचावा. कारणही साधं आहे. चार माणसं जी वस्तू आत आणू शकतात ती चार माणसं बाहेरही नेऊ शकतात. बाहेर नेली नाही तरी चोर ती पाठीवर पाडतात. आडव्या पडलेल्या तिजोरीच्या दारात पहार घालून तिच्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. उभी आणि जखडलेली असेल तर तसा जोर लावता येत नाही. तिजोरी कोपऱ्यात अशी बसवा की दाराची मुठीकडची बाजू भिंतीलगत येईल. लांब पहार फिरवायला तिथे जागाच उरत नाही, आणि दार मोकळ्या बाजूला पूर्ण उघडतं.

त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या, लहान लिफ्टच्या घरासाठी माझं स्पष्ट मत आहे की ८०-९० किलोची, तळाला चार भोकं असलेली तिजोरी घ्या आणि ती नीट जखडा. मोकळ्या ठेवलेल्या अडीचशे किलोपेक्षा ती चांगली.

नीट जखडा म्हणतो, कारण बहुतेक ठिकाणी बोल्ट मारलेला असतो पण तो धरत नाही. दुकानातून तिजोरीबरोबर आखूड अँकर, म्हणजे भोकात फुलून घट्ट धरणारा बोल्ट, मिळतो. फ्लॅटमध्ये वर १० ते २० मिलिमीटरची लादी, तिच्याखाली ४०-५० मिलिमीटर सिमेंट-वाळूचा मसाला आणि मग स्लॅब. म्हणजे ५० ते ७० मिलिमीटरपर्यंत काँक्रीट लागतच नाही. ७५ मिलिमीटरचा बोल्ट त्या मसाल्यात बसतो आणि दोन हिसक्यांत लादीसकट वर येतो. १२ मिलिमीटर जाडीचा वेज अँकर (नट आवळला की खालचं टोक फुलतं तो) घ्या, लांबी १८० मिलिमीटरच्या आसपास. हिशेब असा की तिजोरीचा तळ, लादी आणि मसाला पार करून काँक्रीटमध्ये निदान ६० मिलिमीटर गेला पाहिजे. भोक काँक्रीटमध्ये ७५ मिलिमीटरवर थांबवा. राहत्या घराचा स्लॅब बहुधा १२५ मिलिमीटरच्या आसपास असतो, खालच्यांच्या छताला भोक पडता कामा नये. ड्रिलच्या बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करून ठेवा. भोकातली भुकटी पंपाने किंवा ब्लोअरने पूर्ण उडवा. भुकटी राहिली तर अँकर फुलतो पण घट्ट बसत नाही, नट आवळताना नुसता फिरत राहतो. बिट सळईला लागला, म्हणजे पुढे जाईना आणि आवाज बदलला, की तिथेच थांबा आणि दुसरं भोक वापरा. सळई कापायची नाही.

लहान तिजोरीत ड्रिल मशीन उभं मावत नाही, हे ऐनवेळी लक्षात येतं. तेव्हा तिजोरी जागेवर ठेवून आतून पेन्सिलने खुणा करा, ती बाजूला सरकवा, भोकं पाडा, परत आणून भोकावर भोक जुळवा आणि अँकर आतून ठोका.

दोन जागी मात्र ड्रिल लावूच नका. बाथरूम किंवा संडासाचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वरच्या भरावात पाइप असतात. तिथे काँक्रीट खूप खोल मिळतं आणि त्याआधी पाणी मिळतं. दुसरी जागा म्हणजे ताण दिलेल्या केबलींचा, पोस्ट-टेन्शन स्लॅब. काही नव्या टॉवरमध्ये तो असतो. केबल तुटली तर नुकसान तुमच्या खोलीपुरतं राहत नाही, म्हणून बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून आधी खात्री करून घ्या. भिंतीत बोल्ट मारायचा तर ती कशाची आहे ते बघा. हलक्या राखाडी ब्लॉकच्या किंवा चार इंची विटेच्या भिंतीत साधा अँकर उपटून येतो.

‘भोक पाडलं की संरक्षण जातं’ हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. आगरोधक तिजोरीला तुम्ही स्वतः नवीन भोक पाडलंत तर आतला भराव उघडा पडतो आणि वॉरंटीही जाऊ शकते. पण कारखान्यातून आलेली भोकं त्याच कामासाठी असतात. त्यांच्यासोबतचे वॉशर आणि टोपणं बसवा. तळाला भोकंच नसतील तर ती तिजोरी घेऊ नका.

फायरप्रूफ आणि चोर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगरोधक तिजोरीत पातळ पत्र्याच्या दोन थरांमध्ये भराव असू शकतो. तो कागद वाचवेल, ग्राइंडरपुढे टिकेल असं नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्हींच्या चाचणीचं लेबल मागा. शिवाय त्या भरावात ओल असते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात आतले कागद दमट होतात, म्हणून सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि रंग बदलला की बदला.

बॅटरीचा मुद्दा चूक. बहुतेक डिजिटल कुलपांना बाहेरून वीज द्यायची सोय किंवा आणीबाणीची किल्ली असते. लोक अडकतात कारण ती किल्ली तिजोरीतच ठेवलेली असते. ती घरात दुसरीकडे ठेवा, अल्कलाइन सेल वापरा आणि दरवर्षी लक्ष्मीपूजनाला तिजोरी पुसाल तेव्हा सेल बदला.

राहिला नैऋत्य कोपरा. तिजोरी कोपऱ्यात ठेवा हे बरोबर आहे, दिशेचं कारण चूक आहे. इमारतींवरच्या भारासाठीचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरलेला आहे. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर तळाच्या अडीचशे किलोच्या तिजोरीखाली हाच हिशेब हजार किलोवर जातो. हे वाचून स्लॅब कोसळेल असं समजू नका, भार आजूबाजूला पसरतो. पण खोलीच्या मधोमध स्लॅब सर्वांत जास्त वाकतो आणि बीमवर, कॉलमजवळ सर्वांत कमी. म्हणून बीम ज्या कोपऱ्यात येतात तो कोपरा निवडा, दिशा कोणतीही असो. पुढे आलेल्या बाल्कनीत किंवा तिला बंद करून केलेल्या खोलीत नको. जुन्या वाड्यातल्या लाकडी तुळयांच्या मजल्यावर अजिबात नको, तिथे तळमजलाच. तिजोरी चारशे किलोच्या वर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवून दाखवा.

मावशी, आज दुकानात फोन करून तीन गोष्टी विचार. पोचवणं गेटपर्यंत आहे की खोलीत जागेवर? बोल्ट मारून देणार का आणि केवढ्या लांबीचे? अडीचशेऐवजी नव्वद किलोची बदलून मिळेल का? मग टेपने लिफ्टचं दार आणि बेडरूमची चौकट आतून आतून मोज. तिजोरीचं माप घेताना मूठ आणि बिजागरीही धर. सरकवताना फरशीवर १८ मिलिमीटरचे प्लायचे दोन तुकडे आलटून पालटून टाकायला सांग, नाहीतर पोकळ वाजणाऱ्या लाद्या चाकाखाली फुटतात. पहारेने उचलतील तेव्हा खाली लाकडी गुटका सरकवायचा, बोटं नाही. बसवून झाल्यावर दार उघडं असतानाच कोड टाकून कुलूप चार-पाच वेळा लावून-उघडून बघ, आणीबाणीची किल्लीही फिरवून बघ, आणि मगच दार लाव.