'हाड मोडलं ते पडल्यामुळे' हे अर्धंच खरं आहे

घरात कुणाचा खुब्याचा सांधा बदलायचा ठरला की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. "सिमेंटने बसवलेला सांधा म्हणजे जुनं तंत्र. विनासिमेंट आधुनिक, कोणत्याही वयात तोच घ्या. पुढे हाड मोडलं तर ते पडल्यामुळे, सांध्याच्या बनावटीचा संबंध नाही. नामांकित कंपनीचा असला की झालं." माझ्या 78 वर्षांच्या मावशीच्या ऑपरेशनआधी आम्हीही तो वाचून माना डोलावल्या होत्या.

आधी पडण्याचं बघू. मावशी पडली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात पलंगावरून उठताना पाय टेकवून वळली आणि मांडीत जीवघेणी कळ गेली. एक्स-रेत सांध्याच्या मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्याभोवती गोल जिन्यासारखी वळत खाली उतरलेली चीर दिसत होती.

विनासिमेंट दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसवतात. पुढच्या काही आठवड्यांत हाड त्याच्या खरबरीत पृष्ठभागात वाढतं आणि त्याला धरून ठेवतं. तोवर मात्र ती पाचरच असते, आणि पाचर लाकडाचं काय करते हे कुऱ्हाड चालवणाऱ्याला सांगायला नको. अंगाचं वजन आलं की दांडा खाली सरकू पाहतो, पायाला पीळ बसला की फिरू पाहतो, आणि उतारवयात पातळ झालेलं हाड उभं चिरतं. काही दांड्यांना वरच्या बाजूला कॉलर असते, म्हणजे हाडाच्या कापलेल्या कडेवर टेकणारा छोटासा ओठ. त्यामुळे सरकणं आणि फिरणं दोन्ही अडतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय रजिस्ट्रीत, म्हणजे बदललेल्या सांध्यांच्या देशभरच्या नोंदवहीत, अशा कॉलरवाल्या विनासिमेंट दांड्यांभोवती सुरुवातीच्या काळात हाड मोडण्याचं प्रमाण कमी आढळलं आहे. पडणं टाळायलाच हवं, न्हाणीघरात दांडी लावा, पायपुसणी काढा. पण त्याच पडण्यात एकाचं हाड टिकतं आणि दुसऱ्याचं मोडतं, यात दांड्याचाही वाटा असतो.

आता 'जुनं तंत्र'. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1960च्या दशकात सिमेंटचा सांधा रूढ केला, हे खरं. पण जुनं म्हणजे कमी प्रतीचं, हे कुठून आलं? हाडांसाठीचं हे खास सिमेंट दांड्याभोवतीची फट भरून काढतं आणि भार सगळीकडे सारखा पसरवतं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडच्या 4,37,629 ऑपरेशनांच्या नोंदींत, दोन वर्षांच्या आत दांड्याभोवती हाड मोडून सांधा पुन्हा बदलावा लागण्याचं प्रमाण सिमेंटच्या दांड्यांत 0.07 टक्के होतं, विनासिमेंटमध्ये 0.47 टक्के. धोका दोन्हीकडे लहानच आहे, पण फरक जवळजवळ सातपट. खुब्याचं हाड मोडल्यामुळे अर्धा सांधा बदललेल्या, साठी ओलांडलेल्या 1225 रुग्णांवरच्या ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष 2022मध्ये आले. तिथे नंतर हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटवाल्यांत 0.5 टक्के, विनासिमेंटवाल्यांत 2.1 टक्के होतं. सिमेंट भरताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असलेल्यांबाबत भूलतज्ज्ञ सावध असतात, आणि ती सावधगिरी रास्तच आहे. पन्नाशीतल्या, भक्कम हाडाच्या माणसाला विनासिमेंट दांडा उत्तम चालतो. माझा आक्षेप 'कोणत्याही वयात' या दोन शब्दांना आहे.

राहिली नामांकित कंपनी. सिमेंटचे सगळे दांडेही सारखे नसतात. गुळगुळीत, निमुळता दांडा सिमेंटच्या आवरणात किंचित खाली बसावा अशीच त्याची रचना असते. तो बहुतेकांना वर्षानुवर्षं चांगला टिकतो, तरी त्या नॉर्डिक नोंदींत या जातीच्या एक्सेटर दांड्याभोवती हाड मोडण्याचं प्रमाण ल्युबिनस एसपी-टू या दांड्यापेक्षा जास्त निघालं. याच निमुळत्या जातीचा सीपीटी दांडा झिमर बायोमेट या जगभर नाव असलेल्या कंपनीचा. मांडीचं हाड मोडण्याच्या वाढीव धोक्यामुळे सप्टेंबर 2024मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तो नव्याने बसवू नये असं सांगितलं. ज्यांच्या शरीरात तो आधीच आहे आणि त्रास नाही, त्यांनी घाबरून काढून घेण्याची मात्र गरज नाही.

मावशीचं दुसरं ऑपरेशन चार तास चाललं. त्या वेळी मी सर्जनना आधीच विचारलं: दांडा कोणता, या वयाला आणि या हाडाला तोच का, रजिस्ट्रीत त्याची कामगिरी कशी आहे? त्यांनी कागदावर चित्र काढून नीट समजावलं. डिस्चार्जच्या फाइलमध्ये दांड्याचं नाव, माप आणि क्रमांक असलेले स्टिकर होते. पहिल्या फाइलमध्येही ते होतेच. आम्ही तेव्हा ते पान उलटूनही पाहिलं नव्हतं.